हँडल, किल्ली, रिमोट: गाडी चालू करणाऱ्या माणसाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका प्लॅस्टिकच्या खुर्चीपासून सुरू होते. आमच्या सोसायटीत गेटच्या आत डाव्या हाताला कंपाउंडची भिंत आहे. दुपारी तिथे सावली असते, म्हणून वॉचमन काका तिथे खुर्ची टाकून बसतात. त्या खुर्चीच्या समोर, भिंतीकडे तोंड करून, माझी गाडी लागते. सेकंडहँड हॅचबॅक, पेट्रोल, मॅन्युअल गिअर.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून खिशातून एक छोटा रिमोट काढला आणि बटण दाबलं. आठ दिवसांपूर्वीच बसवून घेतलेला रिमोट स्टार्टर होता. खाली जाईपर्यंत एसी चालू होऊन गाडी गार व्हावी, एवढाच हेतू.

गाडीने एक हिसका घेतला आणि थांबली. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा हिसका. तिसऱ्यांदा मात्र इंजिनने पकड घेतली आणि गाडी पुढे उडाली. खुर्ची बंपर आणि भिंतीच्या मध्ये सापडली, तिचे दोन पाय मोडले, मग इंजिन बंद पडलं.

काका खुर्चीत नव्हते. गॅसवाल्याच्या टेम्पोला गेट उघडून द्यायला उठले होते. किती वेळापूर्वी उठले हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्या रिमोट स्टार्टरच्या वायरिंगचा कागद नीट वाचला, जो बसवायच्या आधीच वाचायला हवा होता. आणि दुसरं म्हणजे, गाडी चालू करण्याची पद्धत गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली ते शोधायला लागलो. हा भाग त्यातूनच तयार झाला.

आजोबांचं मनगट

सुरुवात घरातूनच करतो. माझे आजोबा सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. साठच्या दशकाच्या शेवटी लागले आणि जीपवरच निवृत्त झाले. त्यांचं उजवं मनगट थोडं वाकडं होतं. लहानपणी आम्ही विचारायचो, तर म्हणायचे, "जीपने हात मिळवला होता."

जीपने हात मिळवला म्हणजे काय, ते मला कॉलेजात इंजिन शिकताना कळलं. पेट्रोल इंजिन आपणहून सुरू होत नाही. कुणीतरी बाहेरून त्याचा दांडा फिरवावा लागतो, म्हणजे पिस्टन वरखाली होतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं, दाबलं जातं, ठिणगी पडते आणि मग पुढचं इंजिन स्वतः बघतं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हे 'कुणीतरी' म्हणजे माणूस. गाडीच्या नाकासमोर उभं राहायचं, बंपरच्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं आणि फिरवायचं.

यात एक गोम होती. ठिणगी जरा लवकर पडली, तर पिस्टन वर पोहोचायच्या आधीच स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. मग हँडलही उलटं फिरतं, आणि ते धरलेला हातही. अंगठा, मनगट, कधी कोपर. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. शोफर म्हणजे ड्रायव्हर. एका धंद्याची खूण वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात कायमची राहिली.

म्हणून हँडल मारायचे नियम होते. आजोबांनी ते मला जेवताना चमच्याने करून दाखवले होते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे हँडल उलटं आलं तर हातातून निसटून जातं. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. आणि सगळ्यात पहिला नियम: हँडलला हात लावायच्या आधी आत जाऊन गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचा. सैल हलला तर न्यूट्रल. नाही हलला तर गाडी गिअरमध्ये आहे, आणि इंजिन सुरू झालं तर ती पहिली तुझ्याच अंगावर येणार.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

हे फक्त गाड्यांपुरतं नव्हतं. आपल्या पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. तिची डिझेल इंजिनं महाराष्ट्रात विहिरीवर, गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत पोचली. ती हँडल मारूनच सुरू व्हायची. डिझेल इंजिनात हवा फार जोरात दाबली जाते, त्यामुळे ते हाताने फिरवणं अवघड. त्यावर उपाय म्हणून एक छोटा दांडा असतो. तो उचलून धरला की झडप उघडी राहते, दाब तयार होत नाही आणि जड चाक मोकळं फिरतं. चाकाने वेग घेतला की दांडा सोडायचा, की इंजिन धडधडायला लागतं. गावाकडे ज्यांनी हे केलंय त्यांना तो आवाज आत्ता कानात ऐकू येत असेल.

कॅश रजिस्टरमधून आलेली युक्ती

आता अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत कामाला होता. दुकानातल्या गल्ल्याचं मशीन तोपर्यंत हाताने दांडा ओढून चालायचं. केटरिंगने त्याला विजेची मोटर बसवली. ते करताना त्याला एक गोष्ट कळली होती: गल्ला उघडायला मोटर दिवसभर फिरायची गरज नाही. क्षणभर जोर लागतो, मग विश्रांती. त्यामुळे छोट्या मोटरकडून थोड्या वेळासाठी तिच्या कुवतीपेक्षा जास्त काम करून घेता येतं.

त्या वेळी गाडीच्या इंजिनासाठी विजेचा स्टार्टर म्हणजे इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना हँडलपासून सुटका हवी होती. त्यामागची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचे त्यांचे ओळखीचे गृहस्थ रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीला हँडल मारून द्यायला थांबले, हँडल उलटं फिरून त्यांच्या तोंडावर बसलं आणि पुढे त्यातच ते गेले. या गोष्टीचे तपशील प्रत्येक जण वेगळे सांगतो, त्यामुळे ती दंतकथेसारखीच घ्या. पण ती लोकांना खरी वाटली, कारण असे अपघात सगळ्यांच्या ओळखीचे होते.

केटरिंगने गल्ल्याचीच युक्ती गाडीला लावली. १९१२ च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर कंपनीतूनच बसून आला. तीच मोटर इंजिन सुरू झाल्यावर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र विजेचा स्टार्टर मिळायला १९१९ उजाडलं.

याला इंग्रजीत सेल्फ स्टार्टर म्हणायचे. आपण पुढचा शब्द गाळला आणि 'सेल्फ' ठेवला. आजही मेकॅनिक म्हणतो, "साहेब, जरा सेल्फ मारा." आपल्या भाषेची गंमत बघा. आपण हँडल मारतो, किक मारतो, धक्का मारतो, सेल्फही मारतो. ताकद लागत नसली तरी क्रियापद जुनंच राहिलं.

या सेल्फमुळे एक मोठा सामाजिक बदलही झाला. तोपर्यंत अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या गाड्या बऱ्यापैकी खपत होत्या आणि हँडल मारावं लागत नाही म्हणून खास स्त्रियांसाठी त्यांची जाहिरात व्हायची. पेट्रोल गाडीचं हँडल गेलं आणि ते कारणच उरलं नाही. विजेच्या गाड्या मागे पडायची इतरही कारणं होती, पण हे त्यातलं एक.

पुढचा टप्पा किल्लीचा. आधी किल्ली फक्त ठिणगीचा विद्युतप्रवाह चालू-बंद करायची, आणि सेल्फसाठी वेगळं बटण किंवा पायाचा खटका असायचा. १९४९ साली क्रायस्लरने किल्ली फिरवूनच इंजिन चालू होईल अशी सोय आणली. लक्षात घ्या, माणूस आता गाडीच्या समोर उभा नाही. तो आत, सीटवर बसलाय. गिअरचा दांडा त्याच्या हाताशी आहे, क्लच आणि ब्रेक पायाशी.

चेतक, कायनेटिक आणि मारुतीची किल्ली

आपल्याकडे सेल्फ आला तरी हँडल लगेच गेलं नाही. बॅटरीचा भरवसा नसायचा, म्हणून जीपला आणि अ‍ॅम्बॅसिडरला पुढे हँडलचं भोक होतं आणि डिकीत हँडल. आजोबा म्हणायचे, "साहेबांना वाटायचं जीप सेल्फवर चालते. हिवाळ्यात सकाळी सहा वाजता ती माझ्या हातावर चालायची."

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पहिल्या ग्राहकाला दिली गेली. तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्या गाडीला हँडल नव्हतं. भारतातल्या मध्यमवर्गासाठी गाडी म्हणजे किल्ली, हे तिथून पक्कं झालं.

पण पुण्याची गोष्ट दुचाकीशिवाय कशी पूर्ण होईल? आकुर्डीत बनणारी बजाज चेतक १९७२ ची. ती सुरू करायचा विधी आमच्या पिढीने वडिलांना करताना पाहिलाय: स्कूटर एका बाजूला तिरकी करायची, धरायची, सरळ करायची आणि मग किक. नाही झाली तर उतारावर ढकलायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. किक मारतानाही एक तपासणी नकळत व्हायची. गिअरमध्ये असलेल्या चेतकला किक मारली की ती पायाखाली पुढे सरकायची आणि शिकवणारा ओरडायचा, "न्यूट्रल बघ आधी!"

मग १९८४ च्या सुमारास पुण्याच्याच फिरोदियांनी होंडाबरोबर भागीदारीत कायनेटिक होंडा आणली. कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला होता, पण पुण्याच्या रस्त्यांवर ही स्कूटर पुणेकर म्हणूनच फिरली. गिअर नाहीत आणि बटणावर सुरू. साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, एका अंगठ्याने स्कूटर सुरू करणाऱ्या बायका हे पुण्याचं चित्र घडवण्यात या स्कूटरचा मोठा वाटा आहे.

आता आजच्या कुठल्याही बिनगिअरच्या स्कूटरकडे बघा. ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय तिचा सेल्फ लागत नाही. आपण हे इतकं सवयीने करतो की विचारही करत नाही. ते का आहे? कारण न्यूट्रल हलवून बघायला गिअरच नाही. हातात अ‍ॅक्सिलरेटर पिळलेला असेल आणि बटण दाबलं, तर स्कूटर उडी मारेल. म्हणून कुणीतरी इंजिनिअरने ती जुनी तपासणी वायरमध्ये घातली. ब्रेक दाबलेला नसेल तर स्टार्टरपर्यंत वीजच पोचत नाही. नव्या मॅन्युअल गाड्यांमध्ये क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तेही याच कारणाने. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. गिअर पडलेला असला तरी गाडी जागची हलत नाही.

थंडीतून आलेला रिमोट

रिमोट स्टार्टरचा जन्म आपल्या उन्हाळ्यासाठी झालेला नाही. तो कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंडीतला. तिथे सकाळी काचेवर बर्फाचा थर असतो, तेल घट्ट झालेलं असतं. घरात चहा पिता पिता गाडी गरम करता आली तर कुणाला नको? बरीच वर्षं हा बाहेरून बसवून घ्यायचा प्रकार होता. कारखान्यातूनच रिमोट स्टार्ट घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांमध्ये २००४ ची शेवरले मालिबू धरली जाते.

हा डबा करतो काय? अगदी सरळ काम. किल्ली फिरवल्यावर ज्या वायरी एकमेकींना जोडल्या जातात, त्याच तो आतून रिलेने जोडतो. आधी इग्निशन, मग सेल्फ, मग इंजिन सुरू झालं की सेल्फ सोडून एसी. गाडीला वाटतं किल्ली फिरवली. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तो किल्लीची नक्कल करतो.

पण गाडीत किल्लीशिवाय आणखी एक पहारेकरी असतो: इमोबिलायझर. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते. तिचा कोड जुळला नाही तर सेल्फ फिरेल, पण इंजिन चालणार नाही. गाडीचोरी रोखायला युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे बंधनकारक झालं. मग रिमोट स्टार्टरने यावर मात कशी करायची? एक मार्ग म्हणजे त्या गाडीच्या कोडशी बोलणारं वेगळं मॉड्यूल. दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे तुमची दुसरी किल्ली उघडायची, चिप काढायची आणि डॅशबोर्डच्या आत कायमची चिकटवायची. म्हणजे कुलूप तसंच, फक्त किल्ली आतल्या बाजूने लटकवलेली.

आणि आता मुख्य प्रश्न. गाडी मॅन्युअल असेल आणि माणूस शंभर फूट लांब असेल, तर न्यूट्रल कोण तपासणार?

थंड देशातल्या लोकांनी याचं उत्तर शोधलं होतं, आणि मला ते वाचताना अक्षरशः उठून बसावंसं वाटलं, इतकं ते सुंदर आहे. चांगल्या मॅन्युअल स्टार्टरमध्ये असं असतं: तुम्ही गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला आणला. आता इंजिन चालू असतानाच रिमोटचं बटण दाबायचं आणि किल्ली काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं. तुम्ही क्लचवरून पाय काढून उतरायचं, दार लावायचं. दार लागलं की मग डबा इंजिन बंद करतो. क्लच सोडूनही इंजिन चालू राहिलं आणि गाडी हलली नाही, याचा अर्थ गाडी न्यूट्रलमध्येच होती. हे सिद्ध झालं. नंतर कुणीही दार उघडलं, तर कुणीतरी आत जाऊन गिअर हलवला असू शकतो, म्हणून ती परवानगी रद्द. पुन्हा सगळं पहिल्यापासून. याशिवाय बॉनेटला एक पिन असते, बॉनेट उघडं असेल तर स्टार्ट नाही, कारण आत मेकॅनिकचा हात असू शकतो.

म्हणजे आजोबांनी गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून जे बघितलं असतं, तेच या लोकांनी दाराच्या स्विचवरून शोधून काढलं.

भारतात कंपनीतून येणारा मोबाइलवरचा रिमोट स्टार्ट लोकांच्या बोलण्यात आला २०१९ पासून, ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्यावर. या गाड्यांत सिमकार्ड होतं, मोबाइलवर अ‍ॅप होतं. कारखान्यातून आलेली यंत्रणा दारं, गिअर, बॉनेट अशा गोष्टी बघून मगच इंजिन लावते, आणि ठराविक मिनिटांनी आपोआप बंद करते. शेजाऱ्याच्या गाडीत हे पाहिलं की आपल्या जुन्या गाडीतही हवं, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं.

माझ्या गाडीत काय झालं

मी ऑनलाइन एक स्वस्त किट मागवलं आणि एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण खरा दोष माझा आहे. फिटर हुशार मुलगा होता, हात चांगला होता. दीड तासात त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून सगळं जोडलं. मध्येच म्हणाला, "सर, तुमच्या गाडीला क्लच स्विच आहे. तो बायपास करावा लागेल, नाहीतर रिमोटने सेल्फ लागणार नाही."

मी विचारलं, "काही प्रॉब्लेम?"

"काही नाही. गाडी न्यूट्रलला लावायची, विसरायचं नाही."

मी "ओके" म्हणालो. मी, जो दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचा कोड तपासतो आणि 'युजर नेहमी नीटच वागेल' असं गृहीत धरलेलं दिसलं की लाल शेरा मारतो.

रात्री कागद वाचल्यावर कळलं, की किटमध्ये हँडब्रेकची वायर होती, दाराची वायर होती, बॉनेटची पिन होती. हँडब्रेकची वायर सरळ बॉडीला अर्थ केलेली होती, म्हणजे डब्याला हँडब्रेक कायमच ओढलेला दिसणार. दाराची वायर टेप लावून सोडून दिलेली. पिन पिशवीतच होती. प्रत्येक तपासणीला 'हो' असं आधीच लिहून ठेवलेलं. आणि एकदा इंजिन लागलं नाही तर डबा आपोआप आणखी दोनदा प्रयत्न करतो. त्या दुपारी गाडीने तीन हिसके दिले ते यामुळे. पहिल्या हिसक्यालाच थांबली असती तर खुर्ची वाचली असती.

मग गाडी गिअरमध्ये कशी राहिली? आमच्या पार्किंगला थोडा उतार आहे. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची, ही सवय मला आजोबांनीच लावली. ती चांगलीच सवय आहे. हँडब्रेकही ओढला होता, पण अर्धवट. जुनी चांगली सवय आणि नवीन डबा, दोघांची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

समोर कोण उभं आहे

हा सगळा इतिहास वाचताना मला सुरुवातीला वाटत होतं, की ही माणसाच्या सोयीची गोष्ट आहे. हँडल जड, किल्ली हलकी, रिमोट त्याहून हलका. पण त्या खुर्चीमुळे मला दुसरी बाजू दिसली. हँडल मारणारा माणूस गाडीच्या समोर उभा असायचा. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती त्याच्याच अंगावर येणार होती. म्हणून तो गिअर हलवून बघायचा, रोज, न चुकता. किल्लीवाला माणूस आत बसला. धोका थोडा बाहेर सरकला, पण निदान त्याला समोरचं दिसत होतं आणि पाय ब्रेकवर होता. रिमोटवाला माणूस तिसऱ्या मजल्यावर. त्याला काहीच होणार नाही. समोर बसलेला माणूस दुसराच कुणीतरी आहे, आणि त्याला तर माहीतही नाही की गाडी सुरू होणार आहे.

आपला कायदा हे ओळखतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६. साध्या भाषेत: सार्वजनिक जागी गाडी उभी असेल, तर एकतर चालकाच्या सीटवर लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला किंवा चालक नसताना गाडी चुकून हलणार नाही अशी तजवीज केलेली हवी. असंच कलम १९३९ च्या जुन्या कायद्यातही होतं, म्हणजे रिमोट तर सोडाच, किल्लीवर चालू होणाऱ्या गाड्यासुद्धा यायच्या आधी. हँडलच्या जमान्यातल्या लोकांना हा धोका डोळ्यांसमोर दिसत होता.

आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीला लागून एआरएआय आहे, १९६६ पासून. टेकडीवर फिरायला जाणारे तिला एआरएआयची टेकडीच म्हणतात. नवीन गाडी बाजारात येण्याआधी तिची तपासणी अशा संस्थांमध्ये होते. मी रविवारी सकाळी तिथे चालायला जातो. आता तिथून जाताना मनात येतं, की जी गाडी इतक्या चाचण्यांतून पास होऊन आली, तिच्या स्टार्टरच्या वायरीत मी दीड तासात एक डबा घुसवला, ज्याची या गाडीबरोबर कुणीच कधी चाचणी घेतली नव्हती.

मी तो डबा काढून टाकला. क्लच स्विच परत जोडून घेतला आणि समोर उभं राहून तपासून घेतला: क्लच न दाबता किल्ली फिरवली, सेल्फ लागला नाही. इतका आनंद मला गाडी सुरू न झाल्याचा कधीच झाला नव्हता.

तुम्हाला बसवायचाच असेल, तर फिटरला चार गोष्टी विचारा. क्लच स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीचा गिअर स्विच बायपास होतोय का? दार, हँडब्रेक आणि बॉनेटच्या वायरी खरोखर जोडल्यात का? गाडी मॅन्युअल असेल तर न्यूट्रल कसं ओळखलं जाणार? आणि दुसऱ्या किल्लीची चिप कुठे जाणार? एकाचंही उत्तर "काही नाही होत" असं आलं, तर गाडी परत घेऊन या. बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये तर रिमोटने इंजिन चालू ठेवूच नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गाडी गार करायचा फुकटचा उपाय: दोन्ही बाजूंची दारं मिनिटभर उघडी ठेवा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाते, मग एसी लावा. मी आता तेच करतो.

काकांना मी नवीन खुर्ची आणून दिली आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. बायपास, वायरी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादा, रिमोट काढलात ते बरं केलंत. पण मी आता खुर्ची त्या बाजूला टाकतो." आणि गेटच्या पलीकडे, जिथे दुपारी ऊन असतं, तिथे जाऊन बसले.

आठवडाभर ते तिथेच बसत होते. शेवटी मीच गाडी लावायची जागा बदलून घेतली. आता काका पुन्हा सावलीत बसतात.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या घरात कुणी हँडल मारलेलं असेल, चेतक तिरकी केली असेल, विहिरीवरचं इंजिन सुरू केलं असेल, तर त्यांना बसवून विचारा आणि ते सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा. मला आजोबांचं रेकॉर्ड करायचं राहून गेलं. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, गाडी सुरू करण्याआधी एकदा गिअर हलवून बघा.